खाली या, पण गचका न देता

‘ऑटोमॅटिक घेऊ की मॅन्युअल?’ पहिली गाडी बुक करायला निघालेला प्रत्येक जण हल्ली हा प्रश्न विचारतोच. नोकरी पक्की झालेली असते, ईएमआयचं गणित जमलेलं असतं, रंगही ठरलेला असतो. फक्त गिअरबॉक्सवर घोडं अडलेलं असतं. अशा वेळी मी उलटा प्रश्न टाकतो, ‘तुला गिअर खाली आणता येतो का?’ समोरचा हसतो. म्हणजे काय, चार वर्षं गाडी चालवतोय! पण बॉस, चौथ्यातून दांडी ओढून तिसऱ्यात टाकता येणं म्हणजे गिअर खाली आणता येणं नव्हे. क्लच सुटला की गाडी गचका खाते, मागच्या सीटवरच्या सगळ्यांच्या माना एकसाथ पुढे जाऊन परत येतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही. कारण तो गचका म्हणजे गाडीचा स्वभाव, असं आपण सगळ्यांनी मान्य करून टाकलंय.

तो गाडीचा स्वभाव नाही. ती आपली सवय आहे.

आमच्या लातूर-नांदेडकडे वर चढायचं शिकवणाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक झाला तो बोर्डाच्या मेरिट लिस्टमुळे. नांदेडही क्लासेसच्या बाबतीत मागे राहिलं नाही. वरचा नंबर, वरची ब्रँच, वरचं पॅकेज. मोटर ड्रायव्हिंग स्कूलचा फंडाही तोच. पहिला टाका, दुसरा टाका, तिसरा टाका, आता टॉप! खाली कधी यायचं, कसं यायचं, हे सांगायच्या आत पंधरा दिवस संपतात आणि लायसन्स हातात पडतं.

तर आज खाली यायच्या गोष्टी.

आधी गिअरबॉक्सचं थोडं गणित. घाबरू नका, सीईटीइतकं अवघड नाही. समजा, एखादी पेट्रोल गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरनं चाललीय आणि आरपीएमचा काटा २००० वर आहे. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चौथ्याच्या साधारण १.३५ पट धरा. म्हणजे त्याच ६० च्या वेगाला तिसऱ्यात इंजिन २७०० वर फिरायला हवं. दुसऱ्याचं गुणोत्तर दुप्पट धरलं तर तिथे ४०००. वेग तोच, रस्ता तोच, फक्त इंजिनाची लय वेगळी.

आता आपण काय करतो? क्लच दाबतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतो, त्यामुळे काटा २००० वरून घसरत हजारावर येतो. दांडी तिसऱ्यात टाकतो आणि क्लच सोडतो. चाकं म्हणतात, २७०० हवेत. इंजिन म्हणतं, माझ्याकडे हजारच आहेत. मधला सतराशेचा फरक कुणीतरी भरून काढायलाच हवा. तो क्लच प्लेट घासून, इंजिनाला ओढून आणि गाडीचा वेग खाऊन भरला जातो. त्यालाच आपण गचका म्हणतो.

हे कळायला सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे चालती एसटी. स्टँडवरून निघालेली गाडी धावत पकडणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. (स्वतः करू नका!) सराईत माणूस आधी गाडीच्या बरोबरीनं चार पावलं पळतो, तिच्या वेगाशी वेग जुळवतो, मग दांडा धरतो आणि अलगद पायरीवर येतो. नवखा जागच्या जागी उभा राहून दांडा धरतो आणि खांदा उखडून घेतो. इंजिनाचंही असंच आहे. क्लच सोडायच्या आधी त्याला चार पावलं पळवायचं. आपले ड्रायव्हर लोक याला ‘रेस देणं’ म्हणतात. क्लच दाबलेला असताना उजव्या पायानं एक छोटी टिचकी, काटा २७०० च्या आसपास, दांडी तिसऱ्यात, क्लच वर. गचका गायब! इंग्रजीत याला ‘रेव्ह मॅचिंग’ असं भारदस्त नाव आहे. मोटरस्पोर्टवाल्यांनी त्याला ग्लॅमर दिलं, पण मूळ कल्पना धावत एसटी पकडण्याइतकीच साधी आहे.

आणि एसटीचा विषय निघालाच आहे, तर खरे उस्ताद तिथलेच. आमच्या गल्लीत एक निवृत्त एसटी ड्रायव्हर काका आहेत. सत्तरच्या दशकात नोकरीला लागले. त्या वेळच्या त्यांच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हता. सिंक्रोमेश म्हणजे आजच्या प्रत्येक मॅन्युअल गाडीत असणारी ती पितळी कडी, जी गिअर अडकण्याआधी आतल्या भागांचा वेग घासून सारखा करते. अमेरिकेत कॅडिलॅकनं १९२८ मध्येच ती बाजारात आणली, पण ट्रक-बसपर्यंत पोहोचायला तिला फार वेळ लागला. ती नसली की सगळा हिशेब ड्रायव्हरच्या पायात. क्लच दाबा, दांडी न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, खालचा गिअर टाका, क्लच सोडा. याचं नाव डबल क्लच. चुकलं तर दात दातावर आपटून असा आवाज यायचा की अख्ख्या गाडीतले प्रवासी ड्रायव्हरकडे बघायचे.

मराठवाड्यात ही विद्या एसटीपेक्षाही जुनी असणार. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. पण नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर आपली रस्ता वाहतूक सुरू केली होती. त्या काळच्या गाड्यांवर बसणाऱ्या प्रत्येक चालकाला ही पायांची कसरत यावीच लागायची. टॅकोमीटर कुठला असायला? कान हाच काटा.

काकांना मी एकदा विचारलं, नेमकी किती रेस द्यायची हे कळायचं कसं? ते म्हणाले, ‘इंजिन वरडाय लागलं की समजायचं जास्ती झाली. गाडीनं मान टाकली की समजायचं कमी पडली. आपण तिला इचारूनच खाली आणायचं.’ आयुष्यभर पन्नास-साठ माणसं पाठीशी घेऊन चालवणाऱ्या माणसाचं हे टेक्निकल ज्ञान. यूट्यूबवर दोन-दोन तासांचे व्हिडिओ आहेत, पण यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

आजच्या गाडीत डबल क्लचची गरज नाही, सिंक्रोमेश ते काम करतो. पण तो दांडीच्या आतलं काम करतो. इंजिन आणि क्लच यांच्यातला फरक तुम्हालाच मिटवावा लागतो. रेस न देता खाली आणलेल्या प्रत्येक गिअरची किंमत क्लच प्लेट थोडी थोडी चुकवत असते.

आता थोडं स्टाइलबद्दल, कारण त्याशिवाय आपलं पान पूर्ण कसं होणार? गाडी ब्रेकवर असतानाच गिअर खाली आणायचा असेल तर उजवा पाय एकच आणि कामं दोन. ब्रेकवरचा दाब सोडायचा नाही आणि रेसही द्यायची. इथे येतं ‘हील अँड टो’. पायाचा चवडा ब्रेकवर ठेवायचा आणि पायाची बाहेरची कड किंवा टाच वळवून ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची. आयर्टन सेना सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स पळवताना हे करतो त्याचा एक जुना व्हिडिओ आहे. पायात चक्क ऑफिसला घालतात तसले लोफर्स आणि पाय असा नाचतो की कथकवालेही बघत राहतील. आपण मात्र चप्पल घालून असले प्रयोग करू नयेत. शिवाय घरगुती गाड्यांत ब्रेकचं पेडल बरंच वर असतं, त्यामुळे सुरुवातीला हे जमतच नाही. नाही जमलं तर काही बिघडत नाही. आधी ब्रेकनं वेग कमी करा, ब्रेक सोडा, मग रेस देऊन गिअर टाका. नव्वद टक्के कामं त्यातच होतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं स्पोर्ट्‌स गाड्यांचं. आपल्या भागाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तोही घरचा. २००४ मध्ये स्कोडानं भारतात ऑक्टाविया आरएस आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएसची ताकद आणि पाच गिअरची मॅन्युअल दांडी. कंपनीचा कारखाना आपल्या मराठवाड्यात, शेंद्रा एमआयडीसीत, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात. २०११ मध्ये लॉरा आरएस आली, तीही मॅन्युअल, सहा गिअरची. पुण्याजवळच्या रांजणगावात फियाटनं २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आणली, १४५ बीएचपी आणि पाच गिअर. पोरांनी हिच्यासाठी एफडी मोडल्या असतील! पण आरएस २०१७ मध्ये परतली ती फक्त डीएसजी ऑटोमॅटिकमध्ये. २०२० मध्ये तेच, २०२५ मध्ये बाहेरून मागवलेल्या शंभर गाड्या आल्या, त्याही डीएसजीच. तिथे रेस द्यायचं काम कॉम्प्युटर करतो आणि कुठल्याही माणसापेक्षा अचूक करतो. निसाननं तर २००९ मध्ये ३७०झेड या मॅन्युअल गाडीतही आपोआप रेस देणारी यंत्रणा बसवली. दांडी तुम्ही हलवा, टिचकी आम्ही मारतो!

मग शिकायचं कशाला? याचं उत्तर मला कुठल्या ट्रॅकवर मिळालं नाही, लातूर-नांदेड रस्त्यावर मिळालं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन लातूरला झालं होतं. डिस्चार्जनंतर तिला नांदेडला घरी न्यायचं होतं. चाकूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, साधारण १४० किलोमीटर. मागच्या सीटवर उशा रचून पाय आडवा ठेवलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, चालू शकतील, बसू शकतील, पण झटके टाळा. आता हा महामार्ग बहुतेक चौपदरी झालाय, तरी फाटा आला की स्पीडब्रेकर आहे, उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल आहे, आणि गाळपाचा हंगाम असेल तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आहे, ज्याचा मागचा दिवा असलाच तर उसाच्या आड आहे. म्हणजे १४० किलोमीटरमध्ये गिअर किती वेळा खाली येतो, मोजा!

त्या दिवशी मी प्रत्येक डाउनशिफ्ट आईच्या गुडघ्यासाठी केली. आधी लांबून बघायचं, ब्रेक हलका, रेसची टिचकी, तिसरा, क्लच अलगद. फाट्याजवळ पुन्हा टिचकी, दुसरा. ताकद, पिकअप, बीएचपी वगैरे शब्द आठवलेही नाहीत. अहमदपूरच्या पुढे आरशात पाहिलं तर आई झोपलेली. माळाकोळीच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली अंधारातून अचानक आकाराला आली. वेग उतरवला, गिअर उतरवला, गाडी तिच्यामागे शांतपणे चालू लागली. आई जागी झाली नाही. लोह्याला चहासाठी थांबलो तेव्हा ती विचारते, ‘चाकूर आलं का रे?’

एवढंच. या विद्येचं सर्टिफिकेट हेच आहे की मागच्या माणसाला ती कळतच नाही.

याच रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणता गिऱ्हाईक घोडा नुसता पळवून बघत नाही, त्याची चाल बघतो. गाडीचंही तसंच आहे. पळवतो कोणीही, चाल कुणाची चांगली ते बघायचं. नांदेडच्या किंवा लातूरच्या सिग्नलला उभं राहून सायलेन्सर फाडत रेस देणाऱ्या वीरांना हे कोणीतरी सांगायला हवं. उभ्या गाडीला रेस देण्यात जुळवायला काहीच नसतं, तो नुसता आवाज असतो.

आता काही कामाच्या गोष्टी. कापून फ्रिजवर लावा.

एक. उतारावर न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे बचत शून्य आणि हातातला ताबाही गेला. बालाघाटाच्या डोंगररांगेतून जाताना, तुळजापूरचा घाट असो की मांजरसुंब्याचा, जुना नियम पाळा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सतत दाबून तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात, इंजिन देत नाही.

दोन. गिअरनं वेग कमी केला तर मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्या ट्रकवाल्याला तुमच्या मनातलं कळत नसतं. गिअर उतरवताना ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श करा, दिवा लागू द्या.

तीन. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर आपली काळी माती डांबरावर आणून सोडतात. ती भिजली की रस्त्याचा साबण होतो. तिथे रेस न देता झपकन खालचा गिअर टाकला तर चाकं क्षणभर अडल्यासारखी होतात आणि पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं. ओल्या मातीवर गिअर आधीच उतरवून घ्या आणि क्लच हळू सोडा.

चार. ओव्हरटेक करायचा असेल तर गिअर आधी, स्टिअरिंग नंतर. उदगीर, मुखेड, कंधारकडचे रस्ते जिथे अजून दुपदरी आहेत, तिथे समोरच्या बाजूला गेल्यावर चौथ्यात गाडी ओढत नाही हे कळून काय उपयोग? आपल्याच लेनमध्ये तिसरा टाका, इंजिन तयार आहे हे कानानं ऐका, रस्ता मोकळा असेल तर निघा. नसेल तर मागेच राहा. तिसऱ्यात मागे राहण्यानं कुणाची इज्जत जात नाही.

पाच. घाईत दांडी हाणू नका. ताशी १२० ला पाचव्यातून चौथ्यात येताना दांडी डावीकडे जास्त ओढली गेली तर दुसरा पडतो. वरच्या गणितानं इंजिन ८००० वर जायला हवं, आणि बहुतेक घरगुती इंजिनं त्याच्या बरीच आधी हात टेकतात. डिझेलची लाल रेषा तर पाच हजाराच्या आतबाहेर असते. असा एक गिअर म्हणजे अख्ख्या इंजिनाचं बिल. दांडी ओढायची नाही, तळव्यानं नुसती वाट दाखवायची.

सराव कुठे? रविवारी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना. फक्त चौथा ते तिसरा, ५०-६० च्या वेगात. दुसरं काही नको. आठवडाभर हेच. पाय आधी गोंधळेल, मग कान शिकतील, मग पाय कानाचं ऐकायला लागेल. टॅकोमीटरकडे बघत बसू नका, रस्ता समोर आहे.

जाता जाता एक. आमच्या पिढीतले काही जण हल्ली पुण्या-बंगळुरूची नोकरी सोडून लातूर-नांदेडला परतताहेत. याला इंग्रजी मासिकांत ‘डाउनशिफ्टिंग’च म्हणतात. गावात मात्र पहिला प्रश्न येतो, ‘काय झालं, काढून टाकलं का?’ खाली येणं म्हणजे हरणं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. ज्यांचं परतणं सुरळीत झालं त्यांना मी पाहिलंय. येण्याआधी वर्षभर ते बरोबरीनं पळत होते. इथलं काम चाचपत होते, कर्ज फेडत होते, घरच्यांशी बोलत होते. मग दांडी धरली. ज्यांनी एका सोमवारी राजीनामा टाकून मंगळवारी गाडी पकडली त्यांना मात्र गचका बसला आणि शेजारी बसलेल्या बायकोलाही बसला. गिअर खालचा असला म्हणून गाडी कमजोर होत नाही. चढ, वळण आणि वजन ओढायला तोच लागतो.

आणि हो, ऑटोमॅटिक की मॅन्युअल? शहरातल्या रोजच्या ट्रॅफिकला कंटाळला असाल तर बिनधास्त ऑटोमॅटिक घ्या, कॉम्प्युटर तुमच्यापेक्षा चांगली रेस देईल. मॅन्युअल घेणार असाल, मग ती व्हर्टस जीटी असो की सेकंडहँड अल्टो, तर आधी आईला किंवा बाबांना मागच्या सीटवर बसवून नांदेडहून लातूरला एक चक्कर मारा. मुरूडला, औशाला, कुठेही चालेल. पोहोचल्यावर त्यांना विचारू नका की मी कशी चालवली. झोप लागली होती का, एवढंच विचारा.